ना. म. जोशी आणि संपाचा जमाखर्च

मुंबईच्या गिरणगावातून जाणारा एकेकाळचा डिलाईल रोड आता ना. म. जोशी मार्ग या नावाने ओळखला जातो. त्या परिसरातील गिरण्यांच्या चिमण्या केव्हाच विझल्या आहेत आणि ज्यांचे नाव त्या रस्त्याला दिले आहे त्यांच्याविषयीही नव्या पिढीला फारशी माहिती असेल असे वाटत नाही. भारतातील कामगार चळवळीचे एक आद्य प्रवर्तक, एवढी नोंद वाचून आपण पुढे जातो. तथापि नारायण मल्हार जोशी यांच्या आयुष्यात एक प्रश्न असा आहे की, जो त्यांच्या समकालीन पुढाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्यांच्याइतक्या चिकाटीने विचारला असेल. कामगाराने संप करावयाचा ठरविले, तर त्या संपाचे पैसे कोण भरणार, हा तो प्रश्न होय.

ग्रंथालयाच्या शताब्दीच्या निमित्ताने निघणाऱ्या ग्रंथात त्यांचे स्मरण करावे यास दोन कारणे आहेत. आपले इंदूर हेही गिरण्यांचे शहर होते. मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल, स्वदेशी, भंडारी अशा गिरण्यांच्या भोंग्यांवर या शहराचा दिनक्रम कित्येक दशके चालला, आणि गिरणी बंद म्हणजे घरात काय होते हे येथील पुष्कळ कुटुंबांना सांगावयास नको. दुसरे कारण असे की, जोशी यांच्या लेखी वाचनालय ही कामगाराची गरज होती. त्यांनी उभारलेल्या संस्थेने मुंबईच्या कामगार वस्त्यांत रात्रशाळा काढल्या, वाचनालये चालविली आणि जो वाचक वाचनालयापर्यंत येऊ शकत नाही त्याच्यासाठी फिरती ग्रंथालये सुरू केली. पुस्तक वाचकाच्या दाराशी नेणाऱ्या या गृहस्थाची ओळख ग्रंथालयाच्या सभासदांना असावी, हे उचितच आहे.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील, गोरेगाव येथे झाला. मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरविणाऱ्या कोकणचाच हा एक भाग. गावी शेतीचा तुकडा आणि मुंबईला चाळीत एक कोपरा, अशा दोन चुलींवर जगणाऱ्या माणसांचा हा प्रदेश त्यांना जन्मापासून ठाऊक होता. पुण्यास शिक्षण घेऊन १९०१ साली ते डेक्कन कॉलेजातून पदवीधर झाले. पुढे सुमारे आठ वर्षे त्यांनी शिक्षकी केली आणि १९०९ मध्ये नामदार गोखले यांच्या भारत सेवक समाजात प्रवेश केला. या समाजाच्या सभासदाने स्वतःसाठी पैसा मिळवावयाचा नाही आणि समाज देईल त्या माफक वेतनात संसार चालवावयाचा, असा दंडक होता. १९११ साली मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन झाली. तिचे काम करीत असताना जोशी परळच्या चाळींत हिंडू लागले. कामगार संघटनेचा विचार त्यांच्या मनात येण्याच्या कितीतरी आधी कामगाराच्या घरचा हिशेब त्यांच्या डोळ्यांखालून गेला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे त्यांच्या पुढील वर्तनाचा उलगडा होतो.

तो हिशेब काय होता? मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. तीत कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे ५२ रुपये आढळले. त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम केवळ अन्नावर खर्च होई. पाहणीतील ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी होती आणि कर्जाचा बोजा साधारणतः अडीच महिन्यांच्या मिळकतीइतका होता. व्याजाचा रूढ दर दरमहा रुपयाला एक आणा, म्हणजे सालिना ७५ टक्के. त्याहून जबर दरही होते. याशिवाय महिन्याचा पगार महिना संपताच हाती पडत नसे. तो मिळावयास पुढच्या महिन्याचे दहा-पंधरा दिवस उलटत. तोपर्यंत वाण्याची उधारी चाले आणि पगाराच्या दिवशी सावकाराचा माणूस गिरणीच्या दाराशी उभा राही.

अशा घरातील कर्त्या पुरुषाने संप करावयाचा, म्हणजे नेमके काय करावयाचे, हे १९२५ सालच्या उदाहरणावरून पाहता येईल. त्या वर्षी मुंबईच्या गिरणीमालकांनी पगारात साडेअकरा टक्के कपात जाहीर केली. ५२ रुपयांच्या उत्पन्नावर ही कपात महिना सहा रुपयांच्या घरात जाते. आता समजा, या कपातीविरुद्ध कामगार दोन महिने घरी बसला. त्याचे सुमारे शंभर रुपये बुडाले. ही तूट त्याने रुपयाला एक आणा दराने कर्ज काढून भरली, तर शंभर रुपयांवर दरमहा शंभर आणे, म्हणजे सहा रुपये चार आणे, व्याज होते. सहा रुपयांची कपात टाळण्यासाठी केलेल्या संपाने सव्वासहा रुपयांचे मासिक व्याज मागे लावले! हा हिशेब अर्थातच ढोबळ आहे. प्रत्येक घराची तूट कर्जानेच भरली जात असे असे नाही. कोणी गावी जाई, कोणी बायकोच्या अंगावरील किडूकमिडूक गहाण टाकी, कोणी पोटाला चिमटा घेई. परंतु संपात विजय मिळाला तरी कामगाराच्या खिशात लागलीच काही येत नाही, उलट त्या विजयाची किंमत तो पुढे कित्येक महिने हप्त्याहप्त्याने फेडीत राहतो, हे कटू सत्य त्यातून स्पष्ट होते.

मग कामगार संप का करीत? वरील आकड्यांतच त्याचे उत्तर दडलेले आहे. कर्ज कितीही जाचक असले तरी ते कधीतरी फिटण्याची आशा असते. मुकाट्याने सोसलेल्या कपातीला मात्र अंत नसतो, आणि एक कपात पचली की दुसरी येते. कामगारांना व्याजाचे गणित समजत नव्हते म्हणून ते संपावर गेले असे मानणे, हा त्यांच्यावर अन्याय होईल. ते गणित त्यांना पुढाऱ्यांपेक्षा अधिक चांगले समजत होते. जोशी यांनी या दोन्ही बाजू पाहिल्या. संप हे कामगाराचे शेवटचे आणि हक्काचे साधन आहे, हे त्यांनी कधी नाकारले नाही. पण ज्याचा स्वतःचा पगार बुडणार नाही अशा माणसाने दुसऱ्याला पगार सोडून घरी बसावयास सांगताना फार जपून बोलले पाहिजे, असे त्यांचे मत असावे, हे त्यांच्या एकंदर वर्तनावरून दिसते.

१९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेस जोशी हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. दुसऱ्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत आयटक, म्हणजे अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस, लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली जन्मास आली. तिच्या संस्थापकांत जोशी प्रमुख होते. १९२१ पासून ते मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी म्हणून बसू लागले.

याच सुमारास मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतील तंट्याने सर्वांचे डोळे उघडले. तेथील कंपनीने कामगार संघाचे पुढारी बी. पी. वाडिया आणि त्यांचे सहकारी यांच्याविरुद्ध उच्च न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला आणि कोर्टाचा मनाईहुकूम मिळविला. कामगाराने संप केला तर त्याचा पगार जाणारच, पण त्याला सल्ला देणाऱ्याचे घरदारही जाऊ शकते, हे त्यामुळे उघड झाले. जोशी यांनी १९२१ सालीच कायदेमंडळात ठराव आणून कामगार संघांच्या नोंदणीची आणि संरक्षणाची मागणी केली. तिचे फळ म्हणजे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा. या कायद्यान्वये नोंदलेल्या संघाला आणि त्याच्या पदाधिकाऱ्यांना औद्योगिक तंट्याच्या संदर्भात अशा दिवाणी दाव्यांपासून संरक्षण मिळाले. संपाच्या खर्चाच्या यादीतील एक मोठी रक्कम जोशी यांच्या चिकाटीने अशा रीतीने कायमची वजा झाली.

मधल्या काळात मुंबईत दोन मोठे संप झाले. १९२४ च्या आरंभी बोनस बंद केल्यावरून गिरण्या दोन महिन्यांवर बंद राहिल्या. सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बोनसवर कामगारांचा कायदेशीर हक्क नाही असा निर्वाळा दिला आणि लाखभराहून अधिक माणसे रिकाम्या हातांनी कामावर परतली. पगार बुडाला तो बुडालाच. त्या पाठोपाठ १९२५ चा कपातीविरुद्धचा संप आला. तो सप्टेंबरच्या मध्यास सुरू होऊन डिसेंबरच्या आरंभापर्यंत चालला. जोशी यांनी या संपात मदतनिधी उभारण्याचे काम अंगावर घेतले आणि परदेशांतील कामगार संघटनांकडूनही साहाय्य मिळविले. अखेर सरकारने गिरण्यांच्या कापडावरील साडेतीन टक्क्यांचा अबकारी कर तहकूब केला, मालकांनी कपात मागे घेतली आणि कामगार जिंकले. परंतु या यशाने जोशी हुरळून गेले नाहीत. मदतीसाठी दरवेळी हात पसरावा लागणे, हे संघटनेच्या दुबळेपणाचे लक्षण होय, हे त्यांनी जाणले. १९२६ च्या जानेवारीत मुंबई कापड कामगार संघ स्थापन झाला. त्यामागची कल्पना अशी की, कामगाराने बऱ्या दिवसांत नियमितपणे थोडी वर्गणी द्यावी, म्हणजे वाईट दिवसांत त्याला सावकाराचा उंबरठा झिजवावा लागणार नाही. सोशल सर्व्हिस लीगमार्फत सहकारी पतपेढ्या काढण्यामागेही हाच विचार होता.

या विचाराची खरी कसोटी १९२८ साली लागली. काही गिरण्यांनी एका विणकराला दोनांऐवजी तीन साचे द्यावयाचे, सूतकताईत एकाच माणसाकडे दुप्पट काम सोपवावयाचे, अशी नवी पद्धत आणली. त्यातून माणसे कमी होणार हे उघड होते. एप्रिलमध्ये संपाची लाट उसळली आणि त्या महिन्याच्या अखेरीस सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. सार्वत्रिक संपाची ही घटका नव्हे, एवढा मोठा संसार पोसण्याइतका निधी आपल्यापाशी नाही, असे जोशी यांच्या संघाचे मत होते. पण संप एकदा सुरू झाल्यावर त्यांनी दूर उभे राहून उपदेश केला नाही. ज्यांच्याशी त्यांचे विचार जुळत नव्हते त्या डांगे प्रभृती साम्यवादी पुढाऱ्यांबरोबर ते संयुक्त संप समितीत बसले आणि धान्यवाटपासाठी पैसा गोळा करू लागले. रशियातील कामगारांकडून आलेल्या मदतीवरून त्या वेळी बरीच ओरड झाली. पण आकडा पाहिला तर ती ओरड निरर्थक वाटते. लाख रुपयांचा निधी दीड लाख माणसांत वाटला, तर माणशी पुरते अकरा आणेही येत नाहीत, आणि संप तर ६ ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने, चालला.

तेव्हा हा संप पोसला कोणी? याचे उत्तर समितीच्या जमाखर्चात मिळणार नाही. ते कोकणच्या आणि देशावरच्या खेड्यांत शोधावे लागेल. हजारो कामगार बोटीने रत्नागिरीकडे, आगगाडीने साताऱ्याकडे निघून गेले. मनिऑर्डरीची वाट पाहणाऱ्या म्हाताऱ्या आईबापांच्या घरी अचानक चार तोंडे वाढली. जे मुंबईत राहिले त्यांना वाण्याने काही दिवस उधार दिले, मग हात आखडता घेतला. एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांचा विचार तर इतिहासात अभावानेच आढळतो. जेवणाऱ्यांचे महिन्याचे पैसे थकले की त्यांचा व्यवहारच कोलमडे. संप करणाऱ्याने स्वतःचा पगार सोडला असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याच्या पगारावर जगणाऱ्या पाच-सहा माणसांनी तो सोडलेला असतो, आणि त्यांतील कित्येकांना कोणी विचारलेलेही नसते. या संपामुळे दोन कोटींहून अधिक कामाचे दिवस बुडाले अशी नोंद आहे. त्या प्रत्येक दिवसामागे एक चूल होती.

संपाचा शेवट फॉसेट समितीच्या नेमणुकीने झाला. तिने पुढे काही बाबतींत मालकांच्या योजनेला, तर काही बाबतींत कामगारांच्या तक्रारीला दुजोरा दिला. लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या या संपाने ५० हजारांच्या पुढे गेली. जोशी यांचा संघ त्या मानाने लहानच राहिला. पण १९२९ च्या मार्चमध्ये मीरत खटल्यासाठी डांगे आणि त्यांचे सहकारी पकडले गेले आणि एप्रिलमध्ये गिरणी कामगार युनियनने पुन्हा सार्वत्रिक संप पुकारला. आदल्या वर्षीच्या सहा महिन्यांचे कर्ज अजून फिटलेले नव्हते. वाण्याची वही भरलेली होती, गावचे धान्य आटलेले होते. जोशी यांनी या संपाला पाठिंबा दिला नाही. काही महिन्यांनी तो मोडला, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या आणि त्या प्रचंड युनियनची शक्ती पार खचली. कामगारांचे धैर्य कमी पडले असे म्हणण्यापेक्षा त्यांची पत संपली होती, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल.

जोशी यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली आणि ती सगळीच दुष्टबुद्धीची नव्हती. ते सरकारनियुक्त सभासद होते, मवाळ होते, अर्जविनंत्यांवर त्यांचा भर होता, असे आक्षेप होते. १९२८ चा संप त्यांच्या सल्ल्याने झाला असता तर झालाच नसता आणि फॉसेट समितीही नेमली गेली नसती, हा युक्तिवाद खोडून काढणे अवघड आहे. संपाची किंमत मोजताना संप न करण्याचीही किंमत मोजावी लागते, आणि या दुसऱ्या रकमेकडे जोशी यांनी कधी कधी कमी लक्ष दिले, असे मानावयास जागा आहे. शिवाय वर्गणीतून भक्कम निधी उभारण्याचे त्यांचे स्वप्न साकार झाले नाही, कारण ज्याच्या घरी महिनाअखेर एक रुपया उरत नाही त्याने वर्गणी द्यावयाची कशातून, ही अडचण त्यांनाही सुटली नाही. १९२९ च्या अखेरीस नागपूर अधिवेशनात आयटक फुटली. जोशी आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले. व्हिटले कमिशनवर, म्हणजे सरकारने नेमलेल्या मजूरविषयक रॉयल कमिशनवर, त्यांनी सभासदत्व स्वीकारणे, हा वादाचा एक मोठा मुद्दा होता.

त्या कमिशनच्या १९३१ च्या अहवालात मात्र कामगाराच्या कर्जाचे प्रकरण ज्या गांभीर्याने हाताळले आहे, ते वाचण्यासारखे आहे. बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोनतृतीयांश कामगार कर्जात आहेत आणि बहुसंख्यांचे कर्ज तीन महिन्यांच्या वेतनाहून अधिक आहे, असे त्यात नमूद झाले. पगार लवकर मिळावा, गरीब कामगारास कर्जापायी तुरुंगात टाकू नये, अशा शिफारशी त्यात होत्या. १९३६ च्या वेतनविषयक कायद्याने पगार पुढील महिन्याच्या सातव्या किंवा दहाव्या दिवसाच्या आत देणे मालकावर बंधनकारक केले. त्याच कायद्यात दुसरीही एक मेख होती. दहा किंवा अधिक कामगार संगनमताने, सबळ कारणावाचून आणि करारातील अटीप्रमाणे आवश्यक असलेली पूर्वसूचना न देता गैरहजर राहिले, तर बुडालेल्या दिवसांखेरीज आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याची मुभा मालकाला मिळाली. संप करण्याची किंमत जणू कायद्यानेच छापून दिली.

१९४० साली आयटक पुन्हा एकत्र आली आणि जोशी तिचे सरचिटणीस झाले. ज्या संघटनेतून ते अकरा वर्षांपूर्वी बाहेर पडले होते तिचा कारभार त्यांच्याच हाती सोपविण्यात आला, ही त्यांच्या सचोटीला विरोधकांनी दिलेली पावती होय. पक्षोपपक्षांनी कामगार चळवळीची वाटणी करून घेतली, तेव्हा कोणत्याच पक्षाचा नसलेला हा वृद्ध गृहस्थ हळूहळू एकाकी पडला. ३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले.

जोशी यांच्या निधनानंतर सव्वीस वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत गिरण्यांचा आणखी एक प्रदीर्घ संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वर्ष उलटले तरी तो मिटला नाही आणि त्यातील पुष्कळांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. त्यांच्या मागण्या रास्त होत्या, त्यांच्या निर्धाराबद्दलही शंका नाही. पण एवढ्या काळाचे भाडे, शाळेची फी, वाण्याचे बिल आणि औषधपाणी यांची तरतूद कोणी केली होती, हा जोशी यांचा जुना प्रश्न तेथेही अनुत्तरितच राहिला.

संप करावा की करू नये, याचे सर्व काळांना लागू पडणारे उत्तर जोशी यांनी दिले नाही आणि तसे ते देताही येणार नाही. त्यांनी एक शिस्त मात्र घालून दिली. आधी घराची वही उघडावयाची, मग संघाची; निधी, पतपेढी आणि कायदा यांचा आधार जमेल तेवढा उभा करावयाचा; आणि तरीही संप अटळ ठरला, तर मतभेद बाजूस ठेवून धान्याच्या पोत्याला हात लावावयाचा. यातील शेवटचे कलम त्यांनी १९२८ मध्ये स्वतः आचरून दाखविले. हक्काची भाषा बोलणारे पुढारी आपल्याकडे पुष्कळ झाले. त्या हक्कापायी परळच्या एखाद्या खोलीत व्याजाचे किती आणे चढतात, याची खबर ठेवणारा पुढारी म्हणून ना. म. जोशी यांचे स्थान वेगळे आहे.